उंबऱ्याआतली मरणं

गावात माणूस गेला की बातमी दोन वाटांनी निघते. पहिली वाट सोयऱ्याधायऱ्यांची. लेकीला सांगावा जातो, भाऊबंद लाकडं काढतात, कुणी हातातलं काम टाकून येतो आणि दिवस मावळायच्या आत जे व्हायचं ते होऊन जातं. दुसरी वाट कागदाची. घरातल्या कुणीतरी २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत जायचं, ग्रामसेवकाला गाठायचं, नाव, वय, दिवस, ठिकाण सांगायचं आणि ते जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत चढवून घ्यायचं. पहिली वाट कधी चुकत नाही. दुसरी पावसाळ्यात नाल्याशी अडते, ग्रामसेवक तालुक्याला गेलेला असला की अडते, आणि गेलेला जीव चार दिवसांचा असेल तर बहुतेकदा सुरूच होत नाही. जिल्ह्याचा मृत्युदर म्हणून नोंदवहीतून जो आकडा निघतो, तो या दुसऱ्या वाटेनं शेवटपर्यंत पोहोचलेल्यांचा असतो.

गडचिरोली जिल्ह्यात माणसं किती मरतात आणि कशानं मरतात, हा पुढच्या पानांचा विषय आहे. याच जिल्ह्याची निवड करायला सबळ कारण आहे. गेल्या जवळजवळ चाळीस वर्षांत इथल्या काही गावांमध्ये मरणाची मोजणी ज्या निगुतीनं झाली, तशी देशाच्या फार थोड्या ग्रामीण भागांत झाली असेल. आणि ती झाली ती दवाखाने तुरळक, डॉक्टर दुर्मीळ आणि नोंदवही अर्धी कोरी अशा मुलखात.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून तोडून हा जिल्हा केला गेला. क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, २०११च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १०,७२,९४२. म्हणजे चौरस किलोमीटरमागे जेमतेम ७४ माणसं. तीन चतुर्थांशांच्या आसपास जंगल. उत्तरेला वडशाला रेल्वे आहे, धानाची शेती आहे, झाडीपट्टीची नाटकं रात्र रात्र चालतात. दक्षिणेला आणि पूर्वेला एटापल्ली, भामरागड, सिरोंचा. पावसाळ्यात पर्लकोटा नदी फुगली की भामरागडचा संपर्क तुटतो, ही बातमी दर वर्षी छापून येते आणि दर वर्षी खरी असते. वडशाच्या बाळंतिणीचा आणि भामरागडपलीकडच्या टोल्यावरच्या बाळंतिणीचा जिल्हा एकच. दोघींच्या मुलांची बेरीज करून सरासरी काढली की मिळणारा आकडा वडशालाही लागू पडत नाही आणि भामरागडलाही नाही.

आकड्यांची गोष्ट निघालीच आहे तर मृत्युदराच्या एका खोडीविषयी आधी सांगून टाकतो, कारण भल्याभल्यांची तिथे फसगत होते. २०२०च्या नमुना नोंदणी पाहणीत केरळमध्ये हजार लोकसंख्येमागे ७ माणसं मेली, महाराष्ट्रात ५.५ आणि बिहारमध्ये ५.४. यावरून जगायला बिहार बरा, असं कुणी म्हणेल का? त्याच वर्षी हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत दगावलेली बाळं केरळात ६ होती, महाराष्ट्रात १६ आणि बिहारमध्ये २७. केरळात म्हातारी माणसं जास्त, म्हणून मरणारेही जास्त. ठोक मृत्युदरात ऐंशी वर्षांच्या आजीचं मरण आणि आठ दिवसांच्या नातीचं मरण सारख्याच वजनानं पडतं. म्हणून जिल्ह्याचा एकच एक मृत्युदर कुणी पुढे केला, तर पहिला प्रश्न विचारावा तो वयाचा.

दुसरी अडचण लहान संख्येची. हजार वस्तीच्या गावात वर्षाला साधारण वीस बाळं जन्मतात. त्यातलं एक गेलं तर बालमृत्युदर होतो ५०, दोन गेली तर १००, आणि पुढच्या वर्षी एकही गेलं नाही तर शून्य. गावात बदललं काहीच नाही. वर उल्लेखलेली नमुना पाहणीसुद्धा राज्यापर्यंतचेच आकडे देते, जिल्ह्यापर्यंत उतरत नाही. तेव्हा जिल्ह्याचं खरं चित्र हवं असेल तर पुष्कळ गावं, पुष्कळ वर्षं आणि घरोघर फिरणारे पाय लागतात.

हे पाय गडचिरोलीत १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात फिरू लागले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ ही संस्था काढली आणि उपचाराच्या आधी मोजणीला हात घातला. १९८८ साली त्यांच्या कामाच्या गावांत हजार जन्मांमागे १२१ बाळं वर्षाच्या आत जात होती. आठ बाळांतलं एक. आकडा धक्का देतो, पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती तो मिळवण्याची रीत. गावातलाच एक जण जन्म आणि मृत्यू टिपून ठेवायचा. त्याच्यावर देखरेख करणारा ते पडताळायचा. आणि दर सहा महिन्यांनी तिसरीच माणसं येऊन पुन्हा घरोघर विचारायची. एकाच्या नजरेतून सुटलं ते दुसऱ्याच्या जाळ्यात यावं. हिशेबनीस पतपेढीच्या पैशांसाठी जेवढी काळजी घेतो, तेवढी इथे बाळांसाठी घेतली गेली.

एवढी खटपट कशासाठी, असं ज्यांना वाटेल त्यांनी नवजात बाळाच्या मरणाची नोंद कशी निसटते ते पाहावं. बाळ घरात, अंधाऱ्या खोलीत जन्मतं. दाई असते, सासू असते. बाळ रडत नाही, किंवा एकदा कण्हतं आणि गप्प होतं. दोन तासांनी ते गेलेलं असतं. विचारलं तर उत्तर येतं, ‘मेलेलंच जन्मलं.’ यात खोटेपणा नसतो. नाव ठेवलेलं नाही, पाचवी झालेली नाही, गावानं तोंड पाहिलेलं नाही. घराच्या हिशेबी ते अजून आलेलंच नव्हतं. पण नोंदीच्या हिशेबात जिवंत जन्मून मेलेलं बाळ आणि मृत जन्मलेलं बाळ यांचे रकाने वेगळे. म्हणून विचारणाऱ्याला तपशिलात शिरावं लागतं. रडलं होतं का? हात हलवला होता का? छातीचा भाता हलत होता का? अंग निळं होतं की गोरं? ज्या बाईनं कालच बाळ पुरलंय तिला हे विचारायचं, आणि तिनं उठून आत जाऊ नये असं विचारायचं. सांख्यिकीच्या कुठल्याही पुस्तकात हे शिकवत नाहीत.

सरकारी नोंदीतून बालमृत्यू निसटण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते फारसं गोड नाही. मृत्यू नोंदवायचा ज्या कर्मचाऱ्यानं, त्यालाच वरून विचारणा होते की हे बाळ गेलं कसं, तुम्ही काय करत होतात. खुलासा द्या, बैठकीत उभे राहा. न नोंदवलेल्या मरणाबद्दल मात्र कुणी काही विचारत नाही. अशा व्यवस्थेत मृत्युदर कमी दिसला नसता तरच नवल. २००१ साली महाराष्ट्रातल्या १३ संस्थांनी आपापल्या भागातली गावं आणि काही शहरी झोपडवस्त्या मिळून केलेल्या मोजणीचा अहवाल ‘कोवळी पानगळ’ या नावानं प्रसिद्ध झाला. प्रत्यक्ष मरणं सरकारी आकड्यांच्या कितीतरी पट होती. त्यावर मोठं वादळ उठलं. ते नाव तेवढं लोकांच्या लक्षात राहिलं. मोजणीची पद्धत मात्र कुणाच्या लक्षात राहिल्याचं दिसत नाही, आणि माझ्या मते त्या अहवालाचं मोल निम्म्याहून अधिक तिच्यातच होतं.

किती मरतात याच्यापेक्षा कशानं मरतात हा प्रश्न अधिक घोटाळ्याचा. दवाखान्यात मृत्यू झाला तर डॉक्टर नमुना चार भरतो, बाहेर झाला आणि शेवटच्या आजारात कुणी डॉक्टर पाहत असेल तर चार-अ. त्यात एकाखाली एक ओळी असतात. पहिल्या ओळीत लगेचचं कारण. त्याखाली ते कशामुळे झालं ते. त्याच्याखाली त्याच्याही मुळाशी काय होतं ते. शेवटची ओळ खरी महत्त्वाची, कारण आकडेवारीत मोजलं जातं ते मूळ कारण. आपल्याकडे पहिल्याच ओळीत ‘हृदयक्रिया व श्वसन बंद’ असं लिहून पुष्कळदा काम संपवतात. हृदयक्रिया आणि श्वसन बंद पडल्याशिवाय आजवर कोण मेलंय? माझ्या आत्याच्या कागदावर हेच होतं. ती वीस वर्षं चुलीच्या धुरात खोकत होती, हे त्या ओळींत कुठेच नव्हतं. आणि मृत्यूचा जो दाखला आपण बँकेत, तलाठ्याकडे दाखवत फिरतो, त्याच्यावर तर कारण छापलेलंच नसतं. १९६९चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदाच तसा आहे. म्हणजे कारण लिहिलं गेलं, तरी या दाखल्यावर ते नाही.

या ओळींचा एक राजकीय खेळही आहे. पावसाळा सुरू झाला की मेळघाटातून किंवा गडचिरोलीतून ‘कुपोषणबळी’ असा मथळा येतो. विधानसभेत प्रश्न विचारला जातो. मंत्री उत्तर देतात की बालकाचा मृत्यू न्यूमोनियानं झाला, कुपोषणानं नव्हे. विरोधक म्हणतात, सरकार भूक लपवतंय. वर्षानुवर्षं हा संवाद मी वाचत आलो आहे आणि दर वेळी वाटतं, दोघंही एकाच नमुन्याच्या वेगवेगळ्या ओळी वाचून दाखवतायत. पहिल्या ओळीत न्यूमोनिया आहे, खरंच आहे. त्याच्या खाली दीड किलोचं जन्मवजन आहे. त्याच्या खाली आईच्या अंगातलं कमी रक्त, आणि गरोदरपणात तिला दोनदा आलेला हिवताप. त्याच्या खाली तिचं लग्नाचं वय. आणखी खाली जायचं तर वाहून गेलेला नाला, जीप करायला नसलेले पैसे, बाळाला आधी पुजाऱ्याकडे नेणारा सासरा, बंद असलेलं उपकेंद्र. नमुन्यात एवढ्या ओळी नसतात. कुठल्या ओळीवर बोट ठेवायचं हे ठरवणारा आपल्याला सोयीची ओळ निवडतो. कारण जी ओळ मूळ कारण ठरेल, तिच्या खात्याला जाब विचारला जाणार.

‘सर्च’च्या लोकांनी निवड केली ती वेगळ्या कसोटीवर: कोणती ओळ गावातच खोडता येईल? १९९५-९६मध्ये ३९ गावांत जन्मलेल्या ७६३ नवजात बाळांना घरी जाऊन, दिवसामागून दिवस तपासलं गेलं. त्यांतली जवळजवळ सगळी घरी जन्मलेली. निम्म्याहून अधिक, ५४ टक्के, बाळांना उपचाराची गरज पडली. प्रत्यक्षात वैद्यकीय मदत पोहोचली ती २.६ टक्क्यांपर्यंत. ४० बाळं गेली. या चाळिसांपैकी २१ जंतुसंसर्ग आणि न्यूमोनियानं, ८ जन्मताना श्वास न घेतल्यानं, ६ फार अपुऱ्या दिवसांची म्हणून. उरलेल्या पाचांत थंडीनं गारठून गेलेलं एक. चाळीस ही संख्या लहान आहे, मघाशी मी लहान संख्येवर तोंडसुख घेतलंच. पण इथे प्रत्येक बाळाच्या मरणाआधीचे दिवस कुणीतरी डोळ्यांनी पाहून लिहून ठेवलेले होते, आणि त्यामुळे ‘कशानं’ या प्रश्नाला अंदाजाची गरज उरली नव्हती. २१ बाळं ज्यानं गेली त्यावर औषध ठाऊक होतं, स्वस्त होतं, फक्त दवाखान्यात होतं. बाळ घरात होतं.

मग औषध घरात नेलं. गावातल्याच कामचलाऊ शिकलेल्या बायका आरोग्यदूत झाल्या. त्यांनी बाळाचं वजन करायचं, ताप बघायचा, बाळ कोरडं आणि उबदार ठेवायला शिकवायचं, रडत नसलेल्या बाळाला पिशवी-मुखवट्यानं श्वास द्यायचा आणि जंतुसंसर्गाची चिन्हं दिसली की जेंटामायसिनचं इंजेक्शनही द्यायचं. यातल्या शेवटच्या गोष्टीवर डॉक्टर मंडळी बरीच खवळली. नववी शिकलेली बाई आठ दिवसांच्या बाळाला सुई टोचणार? पण त्या बाळाजवळ दुसरं कुणी येणारच नव्हतं. १९९९च्या डिसेंबरात ‘द लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले, तुलनेच्या गावांपेक्षा इथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. २०११ साली केंद्र सरकारनं घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचं काम देशभरच्या आशा ताईंकडे दिलं. आज आशा ताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळंतिणीच्या घरी येते, त्या फेऱ्यांचं माहेर हे आहे.

‘सर्च’च्या या खटपटीतली एक छोटी वस्तू मला फार आवडते. न्यूमोनिया ओळखायची सोपी खूण म्हणजे श्वासाची गती. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास घेत असेल तर धोका, त्याहून मोठ्याला ५०. इथली खेड्यातली माणसं ‘डब्बा’ किंवा ‘लाहक’ म्हणतात तो हाच आजार. म्हणजे निदान लोकांपाशी होतंच, फक्त कधी घाबरायचं याची रेष नव्हती. पण निरक्षर दाईला साठपर्यंत मोजता येत नाही. दहापर्यंत येतं. तेव्हा एक फळी केली, तिच्यात मिनिटभराची वाळूची घडी आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा, लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. जपमाळेच्या देशात हे आधी कुणाला सुचलं नव्हतं.

इथून पुढे विषयाचं तोंड बदलतं, आणि वाचकानं थोडं सावरून बसावं.

बाळं जगू लागली. जगलेली बाळं मोठी होतात, म्हातारी होतात, आणि कधीतरी त्यांनाही मरावं लागतं. एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या दोन वर्षांत ‘सर्च’नं ८६ गावांतल्या, म्हणजे ९४,१५४ लोकांतल्या, प्रत्येक मृत्यूमागचं कारण शोधलं. डॉ. योगेश कालकोंडे आणि त्यांचे सहकारी या कामात होते. १,५९९ मरणं. मी पाठकोऱ्या कागदावर भागाकार केला: वर्षाला हजारी साडेआठ. महाराष्ट्राचा त्या सुमाराचा दर सहाच्या जरासा वर होता. ही तफावत गडचिरोलीत मरणं जास्त होतात म्हणून किती आणि इथली मोजणी नेटकी आहे म्हणून किती, याचा विचार ज्यानं त्यानं करावा.

या १,५९९ मरणांचं सर्वांत मोठं एकटं कारण कोणतं असेल? मी हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या मित्रांना विचारून पाहिला आहे. नक्षलवाद, हिवताप, साप, कुपोषण, वाघ अशी उत्तरं आली. माणसं वर्तमानपत्र वाचतात, त्यांचा दोष नाही. उत्तर आहे लकवा. मेंदूतली रक्तवाहिनी तुंबून किंवा फुटून होणारा पक्षाघात. २२९ मरणं, म्हणजे शंभरांत चौदा. जो आजार आपण शहरी, खुर्चीत बसणाऱ्या, तूपरोटी खाणाऱ्या माणसाचा समजत होतो, तो मोहफुलं वेचणाऱ्या आणि धान रोवणाऱ्या माणसांच्या गावात पहिल्या क्रमांकावर होता. ही माणसं सरासरी सदुसष्ट वर्षांची, आणि त्यांत बाया जवळजवळ निम्म्या.

लकव्यामागचा रक्तदाब दुखत नाही. ताप येतो, साप डसतो, पोट बिघडतं, तेव्हा शरीर सांगावा धाडतं. वाढलेला रक्तदाब वर्षानुवर्षं घरात राहतो आणि कुणाला कळत नाही. त्यात इथे खर्रा. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात टाकून घोटून केलेलं हे प्रकरण इथे पोरासोरांच्या, बायाबापड्यांच्या दाढेत दिवसभर असतं. दारूवर जिल्ह्यात १९९३पासून बंदी आहे. ती कितपत पाळली जाते यावर गडचिरोलीत तासभर बोलता येईल, तो तास मी इथे घेत नाही.

मला त्या अभ्यासातल्या दुसऱ्याच एका आकड्यानं जास्त अस्वस्थ केलं. लकव्यानं गेलेल्या २२९ जणांपैकी सुमारे २०० जण घरातच मरण पावले. सत्त्याऐंशी टक्के. झटका आल्यापासून महिन्याच्या आत गेले ते १०६. बाकीचे त्याहून जास्त काळ खाटेवर होते, काही कितीतरी महिने. पाठीला जखमा, गिळता न येणारी पेज, एका हातानं खाटेची पाटी धरून ठेवलेली. ही मरणं ग्रामसेवकाच्या वहीत पोहोचली तरी कारणाच्या रकान्यात ‘म्हातारपण’ म्हणूनच पोहोचतात, कारण सांगणाऱ्यालाही तेच वाटत असतं. चाळीस वर्षांपूर्वी उंबऱ्याआत बाळं जात होती आणि कुणी मोजत नव्हतं. आता त्याच उंबऱ्याआत आजोबा जातात. दवाखान्याच्या रजिस्टरवरून या जिल्ह्याची मरणं समजून घ्यायला बसलेला माणूस दोन्ही वेळा चुकला असता, आणि दोन्ही वेळा एकाच कारणानं.

जुन्या कागदांतही हेच दिसतं. चांदा, म्हणजे आजचा चंद्रपूर, जिल्हा मध्य प्रांतात होता तेव्हा कोतवाल गावातले जन्म-मृत्यू सांगत असे, आणि मृत्यूच्या कारणांत सर्वांत मोठा ढीग असे ‘ताप’ या शब्दाखाली. पटकी, देवी, प्लेग ही ओळखता येणारी संकटं. बाकी सगळं तापात. १९१८च्या इन्फ्लुएन्झानं मध्य प्रांत आणि वऱ्हाडाला देशात सर्वांत जास्त झोडपलेल्या मुलखांत नेऊन बसवलं, आणि त्यातलीही पुष्कळ मरणं वहीत तापाखालीच गेली. अलीकडे त्याच जुन्या जन्म-मृत्यूच्या वह्यांना अचानक भाव आलाय, जातीच्या दाखल्यासाठी पूर्वजाच्या नावापुढची नोंद हवी म्हणून. लोक तहसील कचेऱ्यांतून मोडी वाचणारे शोधत फिरतात. पणजोबांची जात कोणती ते पाहतात. पलीकडच्या रकान्यात ते कशानं गेले ते लिहिलंय, तिकडे सहसा नजर जात नाही.

घरातल्या मरणाचं कारण नंतर विचारून काढायची जी पद्धत वापरतात, तिला इंग्रजीवरून ‘शाब्दिक शवविच्छेदन’ असं भयानक नाव पडलंय. प्रत्यक्षात त्या ओसरीवरच्या गप्पा असतात, फक्त नीट बांधलेल्या. पद्धतीला मर्यादा आहेत. लकवा, बुडणं, बाळंतपण ही कारणं विचारून चांगली कळतात, कारण त्यांची चिन्हं घरच्यांना विसरता येत नाहीत. पोटातल्या किंवा हृदयाच्या आजारांची ओळख तितकी पटत नाही. सापाचंच घ्या. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत जवळजवळ नाही, दातांची खूण धड दिसत नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं. घरचे सांगतात, पोटदुखीनं गेला. पुढचं विचारणारा जाणता असेल तरच पापण्यांचा प्रश्न विचारेल. देशभर याच पद्धतीनं झालेल्या एका मोठ्या अभ्यासानं २००५ सालातल्या सर्पदंशाच्या मृत्यूंचा अंदाज ४६,००० च्या घरात काढला, तेव्हा सरकारी आकडा त्याच्या पासंगालाही पुरत नव्हता. सापानं मेलेली माणसं दवाखान्यात फारशी पोहोचलीच नव्हती. पोहोचवायचं तर पंचनामा, शवविच्छेदन, तालुक्याची खेप. मदत मिळायची तर हे सगळं हवं, आणि मेलेल्या माणसाला चिरू न देणारं घर मदतीवर पाणी सोडतं.

तेव्हा पुढच्या प्रकरणांत तक्ते आले की वाचकानं घाईनं टक्क्यांकडे जाऊ नये. आधी तक्त्याचं शीर्षक पाहावं: मृत्यू कुठे झाले, कुणी सांगितले, कुणी लिहिले. दवाखान्यातल्या मृत्यूंचा तक्ता वेगळा आणि घरोघर विचारून केलेला वेगळा. पहिल्यात हृदयक्रिया बंद पडतात, दुसऱ्यात माणसं मरतात. सिकलसेलचा रुग्ण पहिल्यात दिसेल, कारण तो वारंवार भरती होतो. लकव्याची म्हातारी दुसऱ्यातच दिसेल.

अशा एका विचारणीच्या वेळी मी बाजूला बसून होतो. धानोऱ्याकडच्या एका गावात, दुपारची वेळ, अंगणात मोह वाळत घातलेला. विचारायला आलेला मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा, हातात कागद. समोर म्हातारी. नवरा गेल्याला तीन महिने झालेले. काय झालं होतं म्हणून विचारलं तर म्हणाली, ‘काही नाही झालं बाबू, वय झालं होतं.’ मुलानं मान डोलावली, लिहिलं काहीच नाही. मग विचारलं, शेवटचं स्वतःच्या हातानं जेवले ते कधी? म्हातारीनं आठवून सांगितलं, धान कापणीच्या आधी. मग? मग ती बोलायची थांबली. उजवा हात उचलून तिनं मांडीवर सोडून दिला, तो ओला फडका पडावा तसा पडला. पुन्हा उचलला, पुन्हा सोडला. आणि तोंडाचा उजवा कोपरा बोटानं खाली ओढून आमच्याकडे पाहत राहिली. मुलानं कागदावर खूण केली आणि हळू आवाजात विचारलं, ‘आजी, पाणी प्यायचं का आधी?’